चाक धरतं तो आवाज

थोरलीच्या पोटाखाली मांजर शिरलंय असं वाटून मी झाडू घातला, आणि आतून माणूस ओरडला.

थोरली म्हणजे आमचा जुना सहाचाकी ट्रक. नवऱ्याने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी घेतला. मुलाच्या आधी घरात आली, म्हणून ती थोरली. आमचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज. नवरा गेल्यापासून मीच चालवते, आणि मला विचारल्याशिवाय तिथे पान्हासुद्धा जागचा हलत नाही. आणि इथे एक किडकिडीत मुलगा सरपटत बाहेर आला... कानांवर कानटोपीसारखं जाड काहीतरी, हातात काठी, काठीच्या टोकाला करड्या केसांचा गोळा. मला दिसलेलं मांजर ते हेच.

"माइक आहे तो, आजी," मागून माझी नात म्हणाली. "वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून केस लावलेत. मीच आत घेतलं त्यांना."

नात म्हणजे मुलाची मुलगी. वेल्डिंग करते आणि तोंडानेही तशीच, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणतात. मी तिच्यावर डोळे वटारले, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता. गालावर ग्रीसचा पट्टा, बाह्या कोपरापर्यंत, केस कसेतरी बांधलेले. बघण्यासारखं त्यात काय होतं ते त्यालाच ठाऊक. कानांवरचं काढायचं तो विसरला, आणि कान झाकलेली माणसं बोलतात तसा सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असा म्हणाला, "तुम्ही मघाशी गंजलेला बोल्ट सोडवलात ना... तो आवाज फार सुंदर होता."

नातीच्या रूपाचं कौतुक करणारे दोघे-तिघे येऊन गेले होते, आणि ती त्यांना चहा पाजून वाटेला लावायची. बोल्टच्या आवाजाचं कौतुक करणारा हा पहिलाच. ती मान खाली घालून पान्हा पुसत राहिली. पान्हा कोरडाच होता.

त्या दिवशी मी त्याचं नाव कानटोप्या ठेवलं.

हळूहळू सगळं कळलं. तो आणि त्याचे दोन मित्र मिळून कॉम्प्युटरवरचा एक खेळ तयार करत होते. डोंगर, चिखल, दगड, आणि त्यातून ट्रकांची शर्यत. महिनाभराने तो खेळ बाजारात आणणाऱ्या कंपनीला दाखवायचा होता. त्यांना ट्रक खोटा वाटला तर काम बंद, आणि हा आपल्या गावी, भावाच्या दुकानात. म्हणून खरे ट्रक, खरे आवाज. मी म्हटलं, शर्यतीत ट्रक पळवणाऱ्या माणसाला आमच्या धंद्यात वेडा म्हणतात. तो म्हणाला, "आजी, ते वेड घरबसल्या करता यावं म्हणूनच तर खेळ." उत्तर बरं होतं. मी तसं तोंडावर दाखवलं नाही.

आवाज घेण्याचा त्याचा एक नियम होता. माइक चालू असताना कुणी बोलायचं नाही. आता माझ्या गॅरेजात मला गप्प बसायला सांगणारा अजून जन्माला यायचा होता. मी बोलायचे, आवाज बिघडायचा, आणि तो चिडायच्या ऐवजी हवेत बोट गोल फिरवायचा. म्हणजे परत, पहिल्यापासून. एका दुपारी त्याने माझ्याकडे बघून सात वेळा बोट फिरवलं. ठिणगी हसून हसून टायरवर बसली.

पण त्या नियमाने माझ्याच घरावर डाव साधला. बोलायची बंदी, म्हणून दोघं खुणा करायची. तळहात वर, म्हणजे थांब. बोट ओठांवर, म्हणजे चूप. आणि खुणांना कुणाची बंदी होती? माइक बंद झाला तरी खुणा चालूच. चहाच्या वेळी तो दोन बोटं दाखवायचा, ती दोन चमचे साखर घालायची. एकदा ती त्याच्यासमोरून पलीकडे गेली, तर त्याने हळूच बोट गोल फिरवलं. परत, पहिल्यापासून. आणि माझी नात, जी बापाचं ऐकत नाही, ती वळली आणि पुन्हा तेवढीच चालून गेली...

मी डोळ्यांवर चष्मा लावते, कातडं ओढत नाही.

मग तो तिला खेळ दाखवायला लागला. वर्कबेंचवर प्लास्टिकचं स्टिअरिंग घट्ट बसवलं, खाली पायाला पेडल. मीही मागे उभी राहिले. ठिणगीने गाडी दामटली. ट्रक टेकडीवरून उडाला, पलीकडे आपटला आणि तसाच पुढे पळाला. तिने विचारलं, एवढा आपटून चाकांवरचे कमानपाटे मोडले कसे नाहीत? एक्सल कसा तुटला नाही? त्याने घरी जाऊन सगळं खरं केलं. तीन दिवसांनी आणलं, तर ट्रक चिखलात रुतला तो रुतलाच. वीस मिनिटं नुसतं चाक फिरतंय. तो कौतुकाच्या आशेने तिच्याकडे बघत होता.

ती म्हणाली, "चिखलात रुतायला मी तुमच्याकडे कशाला येऊ? तो मला इथे फुकट मिळतो."

त्याचा चेहरा असा पडला की मलाही वाईट वाटलं. खरं केलं तर कंटाळवाणं, मजेचं केलं तर खोटं, मग करायचं काय, असं त्याने विचारलं. त्यावर तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. मग तिने सांगितलं. मजा उडण्यात नाही, रुतण्यातही नाही. भरलेला ट्रक ओल्या चढावर निसटायला लागतो. निसटतो, निसटतो... आणि मग चाक जमीन धरतं. सगळी मजा तेवढ्यात आहे. आणि ते हाताला कळायच्या आधी कानाला कळतं, इंजिनाचा आवाज खाली बसतो.

"तो आवाज माझ्याकडे नाही," कानटोप्या हळू म्हणाला.

तिने पुन्हा खेळ सुरू केला. त्या आठवड्यात तिने खेळातला ट्रक चाळीस वेळा तरी उलटवला असेल. उलटला की एक बटण दाबायचं, ट्रक सरळ. प्रत्येक वेळी ती हसायची. एकदा ती त्याला म्हणाली, "इथे बरं आहे. उलटला तरी कुणी काही बोलत नाही."

मी दारातच होते. ते मला लागलं, कारण ते माझ्यासाठीच होतं.

गॅरेजच्या मागे मुरुमाची जुनी खाण आहे आणि खाणीतून वर येणारा उभा चढ. सहा वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना, ठिणगी भरलेली थोरली घेऊन त्या चढावर आली होती. अर्ध्यात ट्रक निसटला, मागे मागे आला आणि खालच्या भिंतीत घुसला. कुणाला ओरखडा नाही, फक्त भिंत पडली. पण मी सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत म्हटलं, तुझी जागा गाडीच्या खाली, स्टिअरिंगवर नाही. भिंत चार दिवसांत बांधून झाली. पोरगी त्यानंतर कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगवर बसली नाही. गाडी दुरुस्त करायची आणि चालवून बघायला किल्ली बापाच्या हातात द्यायची. मीही काही म्हटलं नाही. एकदा बोललेलं मागे घ्यायची मला सवय नाही.

खेळ दाखवायला आठ दिवस उरले. त्या आवाजासाठी माझा मुलगा थोरली चढावर नेणार होता, तर आदल्याच दिवशी त्याची कंबर धरली. थोरलीचा क्लच बाहेरच्या कुणाला कळत नाही. कानटोप्या म्हणाला, राहू दे, आहे त्यात भागवू. आणि सामान आवरायला लागला. केसाळ गोळा पिशवीत घातला, वायरी गुंडाळल्या...

ठिणगीने येऊन पिशवीतून गोळा बाहेर काढला. मग सरळ माझ्यापुढे येऊन हात पसरला.

"किल्ली."

मी विचारलं, भिंत विसरलीस का?

"नाही विसरले," ती म्हणाली. "पण आजी, त्या दिवशी काय झालं ते तू कधी विचारलंस का? ट्रक निसटला तेव्हा मी इंजिन ऐकत होते. चाक आत्ता धरणार, आत्ता धरणार... आणि तू ओरडायला लागलीस. मग मला फक्त तू ऐकू आलीस."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी कमरेची किल्ली काढून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरने चढ भिजवला. ट्रकमध्ये खडी भरली. कानटोप्याने एक माइक इंजिनापाशी लावला, एक मागच्या चाकापाशी, एक केबिनमध्ये. मला केबिनमध्ये नेऊन लाल दिवा दाखवला, तो लागला की आवाज भरला जातोय. मग तो ठिणगीच्या शेजारी बसला. तिने विचारलं, "भीती वाटत नाही? इथे बटण नाहीये." त्याने मान हलवली. म्हणजे वाटते. पण उतरला नाही.

मी चढाच्या कडेला, त्या नव्या भिंतीपाशी उभी राहिले.

थोरली निघाली. खालचा टप्पा चढली. मधल्या टप्प्यावर, अगदी त्याच जागी, मागचं चाक फिरलं. चिखल उडाला. ट्रक हातभर मागे आला. आणखी हातभर. माझं तोंड उघडलं... डावीकडे घे, ब्रेक दाब, सोड, सगळं जिभेच्या टोकावर होतं. मी तळहात तोंडात घातला आणि उरलेल्या सगळ्या दातांनी चावला. आयुष्यात पहिल्यांदा मी थोरलीचं इंजिन नीट ऐकलं. किंचाळत होतं, किंचाळत होतं, आणि मग एकदम बसक्या आवाजात घुमलं.

चाकाने जमीन धरली.

ती वर पोचली. ठिणगीने इंजिन बंद केलं. सगळीकडे शांत. शेवटी थोडी शांतताही भरून घ्यावी लागते म्हणे, तोवर खाली उतरायचं नाही. ती दोघं बराच वेळ उतरली नाहीत. एवढी शांतता कशाला लागते, ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढे खेळ पसंत पडला. त्यात ट्रक अजूनही टेकडीवरून उडतात, कमानपाटे मोडत नाहीत, तेवढं खोटं आम्ही चालवून घेतलं. पण चढावर चाक धरतं तो आवाज आमच्या थोरलीचा आहे. हे नंतरचं. त्या दिवशी दुपारी मी म्हटलं, माझा हात फुकट चावला का, ऐकव तरी मला. कानटोप्याने खुशीत आपली कानटोपी माझ्या कानांवर चढवली.

चाक ऐकलं. इंजिन ऐकलं. वर पोचल्यावरची शांतता ऐकली. आणि मग त्या शांततेतून त्याचा आवाज आला.

"मी गेलो नाही तर चालेल का तुला?"

तुला. काल संध्याकाळपर्यंत तुम्ही होतं.

"लाल दिवा चालू आहे," ठिणगी म्हणाली.

"बंद करू?"

नुसतं गरम इंजिन टिकटिकत होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या नाही म्हणशील तर पुरावा असावा. आणि ऐक... रुतलास तरी चालेल. फक्त निसटू नकोस."

मी डोळे वर केले. दोघं समोर उभी होती. केबिनमधलं ते बोलणंही त्यात भरलंय हे त्याला आत्ता आठवलं असावं, कारण त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. ठिणगीने मात्र हनुवटी वर केली होती, हुबेहूब माझ्यासारखी. मी काय बोलते याची दोघं वाट बघत होती. सगळं गॅरेज वाट बघत होतं.

माझ्या तळहातावर दातांचे वळ अजून लाल होते. तोच हात वर केला आणि हवेत बोट गोल फिरवलं.

परत. पहिल्यापासून.