मे महिन्याची भिंत

मे महिन्याच्या उन्हाला पाठ टेकून पीयूष निमजे जानेवारीत संत्री सोलत बसला होता. पायांत मोजे नाहीत, अंगात स्वेटर नाही. बाहेर नागपूरची थंडी अशी, की बाल्कनीतली तुळससुद्धा आखडून गेलेली, आणि हा पठ्ठ्या नुसत्या बनियनवर.

"मयुरे, ये नं इकडे," तो म्हणाला. "भिंत काय मस्त तापून राहिली आज!"

मयुरीनं कॉफीचे दोन कप आणले आणि त्याच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसली. ऊब हळूहळू पाठीतून खांद्यापर्यंत चढली. संत्र्याच्या साली भिंतीच्या कडेला पसरल्या की घरभर वास सुटतो, हा पीयूषचा शोध. मागच्या हिवाळ्यापर्यंत ही दोघं कामावरून आली की दोन खोल्यांत दोन दुलया नि दोन फोन घेऊन गुरफटून पडायची. यंदा रोज संध्याकाळी इथं बसणं, गप्पा, थोडी भांडणं, कधी कोथिंबीर भरलेली गरम सांबारवडी. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर नवरा पुन्हा आपणहून बोलायला लागला, ही काय लहान गोष्ट झाली?

"आणि वास घे," पीयूष म्हणाला. "भिंतीला उन्हाळ्याचा वास येतो, कूलरसारखा. साठवलेल्या उन्हाला वास असतो, हे कोठी बसवणाऱ्यांनी सांगितलंच नव्हतं."

मयुरीनं कपात तोंड घातलं.

त्यांच्या इमारतीत ऊनकोठी बसली ती मागच्या मार्चात. कल्पना साधी होती. एका जातीचं मीठ कडक उन्हात तापवलं की त्यातलं पाणी उडून जातं, आणि ते कोरडं मीठ हवाबंद कोठीत महिनोन्‌महिने तसंच राहतं. हिवाळ्यात त्याला दमट हवा दिली की ते पाणी पिऊन घेतं आणि उन्हाळ्यात घेतलेली उष्णता परत करतं. ती भिंतींतल्या नळ्यांतून घरात येते. ऊन तर नागपूरला हवं तेवढं, तेही फुकट! मजल्यावरच्या दोन घरांत मिळून एक कोठी, आणि कुणाला किती ऊब द्यायची ते ठरवायची भिंतीवरची 'टिकली'. कपाळाच्या टिकलीएवढाच तो तापमापक, म्हणून सगळे त्याला टिकली म्हणत. जे घर जास्त गार, त्याला जास्त ऊब. बटण कुणाच्याच हाती द्यायचं नाही, असं सोसायटीच्या सभेत टाळ्या वाजवून ठरलं होतं. बटण हाती आलं की माणूस काय करतो, ते सभेतल्या प्रत्येकाला स्वतःवरून माहीत होतं.

पण नागपूरच्या बाईला बटण लागतं कशाला? डिसेंबरात एकदा धुतलेला नॅपकिन चुकून टिकलीवर वाळत राहिला आणि भिंत चांगलीच तापली. मयुरीला कोडं उलगडायला वेळ लागला नाही. ओली वस्तू वाळता वाळता गार होते, हे कूलरच्या गावात जन्मलेल्या पोरीला शाळेत शिकावं लागत नाही. तिनं माळ्यावरून कूलरच्या खसाचा, म्हणजे वासाच्या वाळ्याचा, तुकडा काढला, भिजवून टिकलीवर टांगला आणि वरून दिनदर्शिका लटकवली. टिकलीला वाटलं, हे घर बिचारं गारठलंय. मग रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की लोटीतलं थोडं खसाला. आधी गंमत होती, पुढे सवय झाली. पीयूषला तिनं सांगितलं नाही. तो सरळ माणूस. खस काढून फेकला असता आणि पुन्हा आपल्या दुलईत शिरला असता.

कोठीतला दुसरा वाटा शेजारच्या बोरकुटे काकूंचा. काकू एकट्या, मुलगा बंगलोरला. वाटा कुणाचा कमी होतोय, हे मयुरीला कळत नव्हतं असं नाही. 'थंडी वाजली तर काकू बोलतील की,' असं ती मनाला समजवायची. काकू बोलणाऱ्यांतल्या नाहीत, एवढं मात्र मनाला सांगायची नाही.

संक्रांतीला मयुरीकडे हळदीकुंकू झालं. काका गेल्यापासून बोरकुटे काकू कुणाच्या हळदीकुंकवाला जात नसत. "काकू, आता कोण पाळतं हो हे?" असं मयुरीनं यंदाही म्हणून पाहिलं, काकू हसल्या, पण आल्या नाहीत. म्हणून बायका गेल्यावर तीच तिळगुळाची वाटी घेऊन शेजारी गेली.

काकूंनी दार उघडलं. अंगात एकावर एक दोन स्वेटर, डोक्याला मफलर, नाकाचा शेंडा लाल. "ये बाई, ये. चप्पल नको काढू, फरशी भल्ली गार आहे."

"तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणत मयुरीनं लाडू काकूंच्या तळहातावर ठेवला आणि दचकली. हात नव्हे, बर्फ होता तो.

"काकू, अहो केवढा गार हात! तुमची भिंत चालत नाही का?"

"चालते की. सोसायटीवाले येऊन पाहून गेले. म्हणाले, कोठी ठीक आहे, शेजारी जास्त गारठा आहे म्हणून ऊब तिकडे वळते." काकू लाडू मोडत म्हणाल्या, "म्हटलं, वळू द्या. लेकरं दिवसभर राबून येतात. मी काय, घरातच असते. मग मी ही खाटच तुमच्या भिंतीला लावून घेतली. तिकडून जराशी कोमट लागते, बघ हात लावून. अन् तुम्ही दोघं हसता ते ऐकू येतं. करमतं माझं."

मयुरीनं भिंतीला हात लावला. खरंच कोमट होती. काकूंच्याच वाटची ऊब, आधी हिनं मनसोक्त वापरलेली, आणि मग उरलीसुरली, उष्टी, भिंतीतून झिरपून काकूंच्या उशाशी आलेली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की हातातली वाटी तिथंच विसरून ती घरी पळाली.

आल्या आल्या तिनं दिनदर्शिका बाजूला केली, खस ओरबाडून काढला आणि बाल्कनीत भिरकावला. झालं गेलं गंगेला मिळालं, असं स्वतःला बजावलं. पण मिळालं कुठं? रात्रभर तिला भिंतीपलीकडची खाट करकरल्याचे भास होत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पीयूष सवयीनं भिंतीला टेकला आणि उडालाच. "अगं, गारढोण! अन् तो वासही गेला. उद्या सोसायटीत तक्रार करतो."

"नको."

"काहून नको?"

मयुरी उत्तर शोधत होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात बोरकुटे काकू. डोक्याला मफलर नाही, अंगात एकही स्वेटर नाही, हातात घडी घातलेली दुलई आणि वर मयुरीची तिळगुळाची वाटी.

"काल रात्रीपासून माझं घर कसं उबदार झालं, बाप्पा! सकाळी चक्क अनवाणी फिरले मी," काकू दारातूनच सांगू लागल्या. "मग तुमच्या भिंतीला हात लावला, तर थंडगार. धस्सच झालं. तुमची ऊब चुकून माझ्याकडे आली की काय? हे बरं नाही. उद्या सांगते मी सोसायटीवाल्यांना, लेकरांची ऊब लेकरांना परत द्या म्हणून. तोवर ही दुलई घ्या. मला आता लागत नाही."

दुलई देताना काकूंची बोटं मयुरीच्या हाताला लागली. आज ती चांगली गरम होती.

"राहू द्या हो काकू, ते यंत्र बिघडलं असेल," पीयूष म्हणाला. मयुरीला तेवढ्यावर सुटता आलं असतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण हातातली दुलई तिला पेलवेना.

"यंत्र नाही बिघडलं," ती म्हणाली. "काकू, आमची ऊब नाही ती. तुमचीच आहे."

पीयूष भिंतीपासून उठून उभा राहिला आणि तिच्याकडे बघू लागला.

"माझी?" काकूंना हसू आलं. त्यांनी मायेनं मयुरीच्या गालावर आपला उबदार हात ठेवला. "मग इतके दिवस कुठं गेली होती गं पोरी?"