हिरव्या पाकिटावरचे दोन हात

पुली गावातल्या एका दुकानात मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट एकच उरलं होतं, आणि त्यावर दोन हात एकदमच पडले.

"सोडा," पेइ-यी म्हणाली. "सर्व्हरवर ठेवायचंय. जुन्याची तारीख उलटत आलीय."

दुसरा हात याओचा होता. ती बेडूक संशोधन संस्थेचा सर्व्हर सांभाळायची; तो तिथेच वरच्या मजल्यावर बसायचा. "मलाही डिस्कवरच ठेवायचंय... तुम्ही पिवळं घ्या ना."

"पिवळं? सर्व्हर बंद पाडायचाय का माझा?"

हिरवं पाकीट डोक्यावर असलं की यंत्रं शहाण्यासारखी वागतात, पिवळ्याने बिघडतात. याबाबत संस्थेतल्या एकाही शास्त्रज्ञाला शंका नव्हती.

"आणि कुठली डिस्क?"

"माझी. तुमच्या सर्व्हरला जोडलीय... न विचारता." त्याचे कान लाल झाले. "बेडकांचे आवाज आहेत. त्यातली एक जात आता डोंगरावर ऐकूच येत नाही. पण बॅकअप रोज होतो ना?"

"तुमचा नाही होत. जोडलेली डिस्क म्हणजे वेगळी फाइल सिस्टीम. मी ती निवडली नाही, तर बॅकअप तिच्या उंबऱ्यावरून परत फिरतो."

"मग निवडा की!"

"जागा कुठाय? संचालकसाहेबांनी वर्षअखेरच्या मेजवान्यांत म्हटलेल्या गाण्यांनीच बॅकअप भरलाय. सगळ्या वर्षांची."

याओने पाकीट सोडलं. इतकं हळू सोडलं, की तिला उगीचच वाईट वाटलं.

"बघते," ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी भूकंप झाला. माणसं चहाचे पेले सांभाळत टेबलांखालून सुखरूप बाहेर आली. सर्व्हरचं कपाट मात्र आडवं झालं, आतल्या डिस्क फुटल्या. हिरवं पाकीट शाबूत होतं. याओ धावत खाली आला आणि दारातच थबकला. दुसऱ्या संगणकातून बेडूक ओरडत होते.

"सगळे परत आले," पेइ-यी म्हणाली. "तुमचा तो डोंगरावरून गेलेलासुद्धा."

"आणि... साहेबांची गाणी?"

"ती वगळली होती. गेली."

वार्ता पसरली. लोकांनी गंभीर चेहऱ्याने संचालकांचं सांत्वन केलं आणि मग एकमेकांना आइस्क्रीम खाऊ घातलं.

"नोकरी गेली असती तुमची! का केलंत असं?" याओने पेइ-यीला विचारलं.

"बेडूक सुरात होते."

"एवढंच?"

ती केबल गुंडाळत राहिली. केबल आधीच गुंडाळलेली होती. "बॅकअप नीट झालाय का, ते ऐकून बघावं लागतं. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तुमचा आवाज असतो — वार, जागा, हवा... तो मी जरा गरजेपेक्षा जास्त वेळा तपासला."

याओने घसा साफ केला. "मंगळवार. जागा, सर्व्हरची खोली. हवा—" तो अडखळला. "हवा... काय म्हणू?"

"खाताना सांगते," ती म्हणाली. "त्या पाकिटाची ड्यूटी संपली."

दोन हात एकदमच पाकिटावर पडले. या वेळी कुणी 'सोडा' म्हणालं नाही.