एक पत्रावळ जास्तीची

धनलाल मॅट्रिक पास होता. कोहमारा ते सडक अर्जुनी या टापूत त्याच्याहून जास्त इंग्रजी येणारा कुणी नव्हता, त्यामुळे पंचावन्न साली सरकारनं भातशेती शिकवायला साहेब पाठवला तेव्हा दुभाष्याची नोकरी त्याच्याकडे आपण होऊन चालत आली. साहेब अमेरिकेचा, शिकवणार जपानी पद्धत, आणि शिकणार कित्येक पिढ्यांपूर्वी माळव्याहून आलेले पोवार. एवढ्या गोंधळात धान मात्र बिनतक्रार उगवलं.

साहेबाचं नाव वीव्हर. मुक्काम धनलालचे काका मोहनलाल यांच्या ओसरीवर. साहेब गुणी होता. हातानं जेवायचा, तुलसाकाकीच्या भाजीला नावं ठेवायचा नाही, आणि बांधावरून पडला तरी आधी रोप सांभाळायचा.

एकदा बांधावर बसून त्यानं धनलालला आपल्या घराण्याची गोष्ट सांगितली. अमेरिकेत अजून इंग्रजाचं राज्य होतं तेव्हा त्याचे पूर्वज जर्मनीतून जहाजानं तिकडे गेले. नवरा-बायको, एक मुलगा, एक लहान मुलगी. मुलगी वाटेतच तापानं गेली. तिला कापडात शिवून समुद्रात सोडलं. मुलाचा वंश वाढत साहेबापर्यंत आला, पण मुलीचं नाव कुणी मागे ठेवलं नाही.

"नाताळाच्या जेवणाला आम्ही सगळ्या पूर्वजांना नावानं बोलावतो," साहेब म्हणाला. "तिची खुर्ची मांडतो. हाक कशी मारणार?"

साहेबाचे वडील आता अंथरुणाला खिळले होते. मरण्याआधी तिला एकदा नावानं जेवायला बोलवायचं, एवढंच त्यांचं मागणं. साहेबानं जर्मनीतल्या कितीतरी चर्चना पत्रं घातली. निम्मी चर्च लढाईत जळाली होती, उरलेल्यांनी उत्तरात शुभेच्छा पाठवल्या.

"भाटाले विचारा," धनलाल म्हणाला. तो थट्टेत म्हणाला होता. साहेबानं टाचण करून ठेवलं.

मळणी संपली आणि चुन्नीलाल भाट आला. पोवारांच्या वंशावळी म्हणणारा. त्याची पोथी वाळवीनं खाल्ली होती, पण वंशावळी त्याला तोंडपाठ होत्या. रीत अशी, की भाटानं एक नाव घ्यायचं आणि ऐकणाऱ्यांनी 'हाव जी' म्हणून हुंकार द्यायचा. हुंकार मिळाल्याशिवाय भाट पुढे सरकत नाही. आणि ज्यांनी ज्यांनी हुंकार दिला, ते सगळे भाटाच्या पंगतीला बसतात. तुलसाकाकी चुलीपाशी पाठमोरी बसून आवाज ऐकायची आणि तेवढ्या पत्रावळी मांडायची. तिची पत्रावळ कधी चुकली नव्हती.

दुपारी मोहनलालचं कुळ म्हणून झालं. साहेबानं धनलालला कोपरानं ढोसलं. साहेबाचं कुळ म्हणता येईल का, असं धनलालनं भाटाला लाजत विचारलं.

"काऊन गा, इलायतचे बी तुमच्याच पोथीत का?" मोहनलालनं भाटाला चिमटा काढला.

"पोथी कुठं आहे आता," भाट म्हणाला. "कुळ सांगा."

"वीव्हर," धनलाल म्हणाला.

भाटानं डोळे मिटले. "वीव्हर नाही. वेबर."

साहेबाच्या हातातला चहा बशीत सांडला. जहाजावर चढण्याआधी त्याच्या घराण्याचं आडनाव तेच होतं. ही गोष्ट त्यानं धनलाललाही सांगितली नव्हती.

"हान्स."

हुंकार द्यायचा असतो हे साहेबाला ठाऊक नव्हतं. धनलालनं नोकरीचा भाग समजून दिला. "हाव जी."

"पेटर."

"हाव जी." आता मोहनलालचाही आवाज लागला. पाहुण्याचं कुळ उघडं कसं पडू द्यायचं?

'ट्रॅक्टर' हा शब्द ज्याच्या जिभेवर कधी नीट बसला नाही, तो माणूस ती नावं घरच्यासारखी घेत होता. साहेब पांढरा पडला होता. यातली दोन नावं त्यानं स्वतः खणून काढली होती.

"याकोब. त्याचा मुलगा योहान." भाट थांबला. त्यानं कानामागे हात नेला. "मुलींची नावं आम्ही घेत नाही. पण ही पिच्छा सोडून नाही राहिली."

अंगणातल्या कोंबड्या दाणे टिपायच्या थांबल्या.

"ओटिली."

मोहनलाल तोंड उघडं टाकून बसले. हुंकार कुणीच दिला नाही. भाट वाट बघत राहिला.

"हाव जी."

आवाज बारीक होता. ओला होता.

साहेब आणि खांब यांच्यामध्ये एका लहान माणसापुरती जागा होती. धनलालनं तिकडे पाहिलं आणि लगेच भाटाकडे पाहिलं.

साहेबानं तो हुंकार ऐकला नव्हता. तो रडत होता.

भाटानं पुढची नावं भराभर म्हटली.

तुलसाकाकीनं पत्रावळी मांडल्या. साहेबाची पाहुण्याची म्हणून वेगळी. भाटाची, मोहनलालची, धनलालची. आणि खांबाजवळ एक.

"काऊन वो, एक जास्तीची?" मोहनलालनं विचारलं.

"पोरगी कोणाची होय? लाजून राह्यली वाटते," काकी म्हणाली आणि भात वाढून गेली.

"मांडलीच आहे, तर उचलू नका," भाट हळूच म्हणाला.

सगळे मान खाली घालून जेवले. धनलालनं मान वर केली तेव्हा खांबाजवळची पत्रावळ स्वच्छ होती.

साहेबानं गोंदियाला जाऊन तार केली. तिकडे वडिलांनी तिला नावानं जेवायला हाक मारली, आणि त्या आठवड्यात ते शांतपणे गेले. साहेब परत निघाला तेव्हा मोहनलालचे हात त्याला सोडवेनात. "आमच्या सात पिढ्यांचं काम तुमच्या ओसरीवर झालं," तो म्हणाला. मग धनलालकडे वळला. "विचार यांना, यांना काय वाटतं? ती घरी पोचली असेल का?"

धनलालनं विचारलं.

तुलसाकाकी दारात उभी होती. तिला मूलबाळ नव्हतं. तिनं साहेबाला हात जोडले, अगदी मनापासून, देवापुढे जोडावेत तसे.

"पोचली म्हणा," ती म्हणाली.

धनलालनं ते एका शब्दात इंग्रजीत सांगितलं. त्याच्या नोकरीतलं तेवढं एकच भाषांतर बिनचूक झालं.

मोहनलालच्या घरी अजूनही रोज एक पत्रावळ जास्तीची मांडतात. तुलसाकाकी वरणात मीठ घालत नाही. पानावर पडेपर्यंत ते समुद्राच्या पाण्यासारखं खारट झालेलं असतं.