वितळलेले रंगखडू

"फाटकाची बिजागरी, सायकलचं कॅरिअर, कुंड्यांचा स्टँड," बाबा बोटं मोजत होते. "एवढ्यासाठी दरवेळी वेल्डरच्या हातापाया का पडायचं? घरात आपलं मशीन हवं."

"करणार चार कामं, सांगणार चाळीस," आई म्हणाली. पण सुट्टी लागली होती, मामा मुक्कामाला आला होता, आणि दोघे एकत्र आले की त्यांना अडवणारा जन्माला यायचा होता. गेले ते दुकानात.

दुकानदाराचं म्हणणं सरळ होतं. कधीमधीच्या घरकामाला लहान मशीन पुरतं. पण बाबांचा डोळा मोठ्यावर होता. "तुमच्या घरची लाइन किती अँपिअरची आहे, त्यावर आहे सगळं," दुकानदार म्हणाला. तेव्हा बाबांनी घरी फोन लावला.

फोन टिकलीनं घेतला. तिच्या हातात जिंकायचे पत्ते होते आणि समोर दोन लबाड भिडू: धाकटा भाऊ गुंड्या आणि मामाचा मुलगा, ज्याला सगळे मास्तर म्हणत. उठलं की दोघांनी पत्ते पाहिलेच म्हणून समजा.

"जिन्याखालच्या विजेच्या पेटीच्या दारावर आकडा आहे, बघून सांग," बाबा म्हणाले.

मास्तरच्या घरी बत्तीसची लाइन आहे, असं तो मागे कधीतरी म्हणाला होता. सगळीकडे तीच असणार. टिकली क्षणभर थांबली, बघून आल्यासारखी. मग म्हणाली, "बत्तीस."

डाव तिनं जिंकला. संध्याकाळी मोठं मशीन घरी आलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी काचेचा मुखवटा चढवला, पहिली ठिणगी उडाली आणि फ्यूज गेला. पुन्हा घातला, पुन्हा गेला. टिकली गुपचूप जिन्याखाली गेली. पेटीच्या दारावर स्वच्छ लिहिलं होतं: सोळा.

सांगायला हवं होतं. पण बाबा मशीन असे पुसत होते, जणू नवीन बाळच आणलंय. तेवढ्यात मामानं पेटीत काहीतरी खुडबुड केली आणि म्हणाला, "आता जाऊन दाखव म्हणावं." खरंच, फ्यूज पुन्हा गेला नाही. टिकलीनं सुटकेचा श्वास सोडला. पण घास काही गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी गुंड्यानं घर डोक्यावर घेतलं. जिन्याखालच्या खिळ्याला टांगलेल्या त्याच्या पिशवीत रंगखडूंचा एकच लगदा झाला होता.

"मास्तरनं उन्हात ठेवले."

"मी? मला काय उद्योग नाहीत?"

"नाहीतच. सुट्टी आहे."

"भांडू नका," टिकली म्हणाली. "पिशवी इथून हललेलीच नाही. धूळ बघा तिच्यावरची."

मास्तरनं पिशवीमागच्या भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "तापलीय ही. तव्यासारखी."

मग तपास रीतसर सुरू झाला. पेटीला कुणी हात लावायचा नाही, फक्त भिंत बघायची, असं टिकलीनं बजावलं. मास्तरनं वहीत नोंदी केल्या. चौथ्या दिवशी सकाळी भिंत गार. बाबांचं काम सुरू झालं की अर्ध्या तासात गरम. काम थांबलं की पुन्हा गार. दुपारी पेटीतून जळक्या रबराचा वास आला.

गुंड्या धावत सांगायला गेला. "बाबा, भिंत तापतेय."

"उन्हाळाच आहे, बाळा," बाबा म्हणाले. मामा हसला. "कारखान्यात भिंती याहून तापतात. पळा, खेळा."

टिकलीला कळून चुकलं. आत काय आहे ते ठाऊक नव्हतं, पण त्याची सुरुवात तिच्या बत्तीसपासून झाली होती. याच जिन्यावरून गुंड्या वर झोपायला जायचा.

"मोठे थांबणार नाहीत," ती म्हणाली. "आपण थांबवू. बाबा मुखवट्याशिवाय कधी काम करतात का?"

"कधीच नाही. डोळ्यांच्या बाबतीत फार काटेकोर," मास्तर म्हणाला, आणि त्याचे स्वतःचे डोळे चमकले.

पुढचा तासभर बाबा आणि मामा मुखवटा शोधत घर पालथं घालत होते. तो होता धुण्याच्या कपड्यांच्या टोपलीत, तळाशी. तेवढ्यात मास्तर आणि गुंड्या गल्लीच्या टोकाच्या वायरमनकाकूंना घेऊन आले.

काकूंनी मेन स्विच बंद केला, पेटी उघडली आणि पकडीनं एक जाडजूड तांब्याची तार बाहेर काढली.

"फ्यूजच्या जागी ही कुणी घातली?"

मामानं मान खाली घातली.

"फ्यूज जळतो म्हणून घर वाचतं. तुम्ही त्यालाच गप्प केलंत. आतल्या वायरींचा कोळसा झालाय. आणखी दोन दिवस असंच चाललं असतं, तर मी नाही, बंब आला असता. कुणाच्या लक्षात आलं हे?"

"पोरांच्या," बाबा हळू आवाजात म्हणाले. आईनं तिघांना जवळ ओढलं. "शहाणी गं माझी बाळं." मग ती मामाकडे वळली. "आणि तू, एवढा घोडा झालास..."

मामा कोपऱ्यात उभा राहून मुकाट्यानं ऐकत होता. आईचा हात टिकलीच्या केसांतून फिरत होता, आणि टिकलीला तो सहन होईना.

"आई, थांब. मामा एकटाच नाही," ती म्हणाली. "बत्तीस मी बघून सांगितलं नव्हतं. डाव सोडायचा नव्हता म्हणून ठोकून दिलं. सोळा आहे हे मला परवाच कळलं होतं. तरी बोलले नाही."

आईचा हात केसांवरच थांबला.

बाबा जिन्याच्या पायरीवर बसले. "परवाच सांगायला हवं होतंस," ते म्हणाले. टिकली रडू लागली. त्यांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "मामा तार घालत होता तेव्हा टॉर्च मी धरला होता. मला मोठं मशीन हवं होतं ना."

"आज बोललीस ते बरं केलंस," काकू वायरी कापता कापता म्हणाल्या. "नाहीतर नव्या वायरी घातल्यावर उद्या पुन्हा हेच मशीन लावलं असतं यांनी. परत करा ते. लहान आणा, चार कामांना भरपूर झालं."

संध्याकाळी मशीन परत खोक्यात गेलं. एक बाजू बाबांनी धरली. दुसरीकडे मामा वाकला, तेवढ्यात टिकली पुढे झाली.

"जड आहे गं," मामा म्हणाला.

"असू दे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि आपली बाजू थोडी वर उचलून घेतली. दुकान चांगलं दोन चौक लांब होतं. वाटेत तिनं एकदाही खोकं खाली ठेवू दिलं नाही.