बाहेरच्या हातची पूजा

गंगेकाठी, ब्रह्मा घाटावरच्या आपल्या खोलीत प्रल्हादशास्त्री पालथे पडले होते, पाठीत विणकराची कात्री. ते पहाटेपासून दार लोटून वाचत बसत, दुपारपर्यंत आत कुणी जात नसे. मुलगी गीता जेवायला बोलवायला गेली, तेव्हा कळलं. तासाभरात इद्रीस विणकर कोठडीत गेला आणि निवडणुकीचे भोंगे त्याच्या नावानं गरजू लागले.

"हातोहात सापडला, मॅडम," मुकुल म्हणाला. गुप्तवार्ता विभागातला हा इथलाच मराठी मुलगा दिसेल त्यावर विश्वास ठेवणारा.

"फारच हातोहात," त्याची वरिष्ठ इरावती म्हणाली. "संध्याकाळी प्रेतयात्रा विणकरांच्या मोहल्ल्यातून नेणार आहेत. त्याआधी खरा माणूस हवा. नाहीतर मोहल्ला पेटेल."

इद्रीसचे ओठ सुजले होते. "कल शास्त्रीजी का पीतांबर देने गए थे. वहीं धागे काटे, कैंची भूल आए. उनको हम काहे मारेंगे? हमारे लिए तो वही बोलनेवाले थे."

खरंच होतं ते. मोहल्ल्यातून प्रचाराची मिरवणूक नेऊ नका, असं शास्त्री उद्याच्या सभेत सांगणार होते.

शास्त्रींचा पुतण्या विश्वजीत प्रचाराच्या जीपमधून उतरला. "हो, काल भांडलो त्यांच्याशी. पण या घरात मला मान काय आहे? सकाळी बिंदूकाकांना ताप होता. गणपतीची पूजा मी करतो म्हटलं, तर नको म्हणाले. मी घरचा, मुंज झालेला, आणि शेजारच्या जोशींना बोलावून घेतलं!"

मुकुलला हसू आलं. इरावतीला आलं नाही.

शास्त्रींचे धाकटे भाऊ बिंदुमाधव ओसरीवर रडत होते. "अंगात कणकण होती हो. दादांचं कळलं ते गीता ओरडली तेव्हा."

"काका तापातही पूजा चुकवत नाहीत," गीता म्हणाली. "आज मात्र पहाटे गंगेत बुडी मारून आले आणि देवघराच्या बाहेरच थांबले."

"घराण्यात एवढ्यात कुणी वारलं होतं?"

"कुणी नाही."

इरावतीनं विश्वजीतलाही ओसरीवर बोलावलं.

"तापलेला माणूस माघाच्या थंडीत गंगेत बुडी मारत नाही. म्हणजे ताप नव्हताच. मग देवाला हात का लावला नाही? पुतण्यालाही का लावू दिला नाही? जोशी चालले, कारण ते दुसऱ्या गोत्राचे. मुकुल, घरातलं कुणीच देवाला चालत नाही, असं केव्हा होतं?"

मुकुलला आजोबा गेले तेव्हाचं आपलं देवघर आठवलं. "सुतकात," तो पुटपुटला.

"प्रेत दुपारी सापडलं. यांनी सुतक पहाटेच धरलं. विश्वजीतला ठाऊक असतं, तर तो पूजेसाठी रुसला नसता."

बिंदुमाधवांचं रडणं थांबलं. "दादा धर्म बुडवायला निघाला होता," ते शांतपणे म्हणाले. "पण देव विटाळू दिला नाही मी."

मुकुलला शिसारी आली. सख्ख्या भावाच्या पाठीत कात्री खुपसताना कचरला नाही, देवघराचा उंबरा ओलांडायला मात्र भ्याला!

इरावती जोशींकडच्या फोनवरून वरिष्ठांशी बोलून परतली, ती चेहरा पाडूनच. "मतदान होईपर्यंत गप्प राहायचं. यांना अटक नाही. इद्रीस आतच राहील."

"म्हणजे बाबांना अग्नी हेच देणार?" गीतानं विचारलं.

विश्वजीत खाली मान घालून जीपकडे गेला. गीता गल्लीत जाऊन ओरडून ओरडून सांगत राहिली, पण भोंग्यांपुढे तिचं कोण ऐकणार?

शवविच्छेदन घाईनं उरकलं. यात्रा मोहल्ल्यातूनच गेली.

मणिकर्णिकेवर बिंदुमाधवांनी भावाला अग्नी दिला. मंत्रात, विधीत, कुठे म्हणून चुकले नाहीत. पायऱ्यांवर उभ्या मुकुलला चितेचा धूर वर चढताना दिसला आणि मागे, विणकरांच्या वस्तीवर, दुसरा.