कानामागचा द्वारपाल

मिरजेच्या श्रवण-प्रयोगशाळेत बाबालालचाचा शिकलगार मांडीवर तंबोरा घेऊन बसले होते. त्यांच्या कानामागे कर्णगणक होता. नखाएवढा हा संगणक बावीस वर्षं त्यांच्या मेंदूला आवाज पुरवत होता.

त्यांनी तार छेडली आणि त्यांचा चेहरा पडला. "मेला की ओ बाई तंबोरा!"

अभियंता मृदुला अष्टपुत्रे ओशाळली. कर्णगणकातली 'ध्वनिका' ही संगणकभाषा तिने नुकतीच दुसऱ्या आवृत्तीवरून सातव्या आवृत्तीवर नेली होती. त्यामुळे माणसांचं बोलणं चाचांना बावीस वर्षांत प्रथमच स्वच्छ ऐकू येत होतं. आजवर त्यांची बायको जुबेदा पाटीवर लिहूनच त्यांच्याशी बोलायची. पण तारांखालची घोडी कानशीने घासून एका तारेतून सुरांचं मोहोळ उठवायचं, म्हणजे जवारी लावायची, ही चाचांची विद्या. तीच आता हातची चालली होती.

"नवी आवृत्ती जास्त अचूक आहे. मग असं का?" तिने मेंदूतज्ज्ञ डॉ. मगदूमांना विचारलं.

"दुसरी आवृत्ती बारीक सूर गाळायची. दोष भाषेतलाच. गाळलेलं भरून काढायला चाचांचा मेंदू शिकला. आता सातवी सगळंच देते, तरी मेंदू भर घालतोच आहे. पोटभर जेवल्यावर कुणी पुन्हा पान वाढावं, तसं."

"मग तंबोऱ्याला दुसरी ठेवते आणि बोलण्याला सातवी."

"कर्णगणक बनवणारी कंपनी म्हणते, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

"तसं असंल तर बोलणं ऱ्हाऊ दे," चाचा म्हणाले. "जवारी गेली तर मी कशाला उरलो?"

शेजारी उभ्या जुबेदाने पदराआड पाटी घट्ट धरली. ते पाहून मृदुला हट्टाला पेटली.

महिनाभर खपून तिने दोन्ही आवृत्त्यांना कर्णगणकात स्वतंत्र खोल्या दिल्या. दारात एक छोटी आज्ञावली द्वारपाल म्हणून बसवली. तंबोरा वाजला की दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेली जुनी प्रणाली जागी होणार, कुणी बोललं की सातवीतली नवी. द्वारपाल प्रणालीच्या कपाळावरची, आवृत्तीचा आकडा सांगणारी चिठ्ठी वाचणार आणि तिला हवी त्या आवृत्तीच्या खोलीत पाठवणार. चिठ्ठी नसेल, तर सरळ सातवीकडे.

तीन आठवड्यांनी ती चाचांच्या कारखान्यात गेली. सहा तंबोरे जवारी लागून गेले होते. गवई खूश होते.

"पयले चार दिस कोरडं वाटलं," चाचा म्हणाले. "म्हटलं, जुनंच यंत्र हाय, बसंल कान. बसला."

मृदुलाने द्वारपालाची नोंदवही उघडली आणि ती चरकली. दुसरीच्या खोलीचं दार एकदाही उघडलं नव्हतं. जुनी प्रणाली लिहिली, तेव्हा वापरात आवृत्ती एकच होती. चिठ्ठी लावणार कोण? आणि तिला स्वतःलाही ते सुचलं नव्हतं. द्वारपालाने नियमाप्रमाणे तंबोरा सातवीकडे धाडला होता.

तिने मगदूमांना फोन लावला. ते म्हणाले, "आता चिठ्ठी लाव. त्यांना सांगू नकोस."

तिने चिठ्ठी लावली. दुसरीचं दार उघडलं. चाचांनी तार छेडली, कानस फिरवली, मान डोलावली. तिने चिठ्ठी काढली. चाचांची मान डोलतच राहिली.

"काही बदललं का, चाचा?"

"काय बदलायचं?"

"डॉक्टर," ती फोनवर कुजबुजली, "त्यांना दोन्ही चालतंय."

"भर घालायची एक खोली, न घालायची दुसरी," मगदूम म्हणाले. "मेंदूने आपल्या आपणच केल्या. ना चिठ्ठी, ना द्वारपाल."

ज्यासाठी महिनाभर मृदुलाने रक्त आटवलं, ते काम हा म्हातारा इथे बसल्या बसल्या, नकळत करून मोकळा झाला होता. तिने चाचांना आपली चूक सांगितली. हे दोन आवृत्त्यांचं तुम्हाला जमलं कसं, तेही विचारलं.

चाचा बुचकळ्यात पडले. तेवढ्यात आतून जुबेदाची हाक आली, "अजी, चाय ठंडी होरी!"

"आया, आया!" चाचा ओरडले आणि त्याच दमात मृदुलाकडे वळले, "चला बाई, च्या घिऊ. गार हुतूय."

आत चहाच्या पातेल्यावर झाकण म्हणून जुबेदाची पाटी ठेवली होती.