विहिरीपर्यंतची वाट

माझ्या विहिरीपाशी एक अनोळखी माणूस गुडघ्यावर बसला होता. पाऊस भुरभुरत होता, त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं, आणि तो माझ्या स्वयंपाकघराच्या दारापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत मोजायची फीत ताणून बघत होता. सफरचंदं उतरवायची लांब काठी माझ्या हातात होतीच. ती मी तशीच पुढे धरली.

“काय चाललंय इथे?”

तो दचकून उठला. फीत सुटली आणि सर्रकन त्याच्या मुठीत परत गेली.

“माफ करा... दार वाजवलं मी, कुणी आलं नाही. मी माझ्या आजीला शोधतोय.”

“विहिरीत?”

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला – जाऊ दे, तेव्हा मी त्याच्या गालाकडे बघत नव्हते.

“फार जुनी आजी आहे हो. पणजीच्या पणजीच्याही मागची. सतराशे बारा साली विधवा झाली. मेहिटेबल लूमिस. मी वॉरन लूमिस.”

“मी डॅमरिस पेल. आणि ही विहीर पेलांची आहे.”

“हो, आत्ता आहे,” तो म्हणाला.

आत्ता आहे! हे दोन शब्द मला असे बोचले की काठी आणखी वीतभर पुढे गेली. आमच्या शेजारी क्रॅन्डलांची बाग होती. एक दिवस कुठलासा लांबचा चुलतभाऊ जुनी कागदपत्रं घेऊन उगवला, आजोबांच्या वाटणीत माझाही हिस्सा आहे म्हणाला. प्रकरण कोर्टात गेलं, बाग विकावी लागली, आणि आता तिथे गोदामं उभी आहेत. त्यानंतर माझ्याकडेही माणसं येऊ लागली. एक जण म्हणे पक्षी बघायला आला होता, आणि त्याला कावळा कुठला नि घार कुठली हे कळत नव्हतं. बाबा गेल्यापासून घर आणि बाग सांभाळणारी मी एकटी. संशय घ्यायची मला सवयच लागली होती, आणि ती मोडायचा माझा काही विचार नव्हता.

आलेल्या माणसाची परीक्षा घ्यायची माझी एक रीत आहे. मी त्याला आमच्या विहिरीचं पाणी देते. अख्ख्या ईस्ट हॅलम गावात त्या पाण्याची चेष्टा चालते. लोखंडाचा वास येतो म्हणतात. मला मात्र ते लहानपणापासून गोड लागतं. तो पक्षीवाला एक घोट घेऊन झुडपाकडे पळाला होता.

वॉरन लूमिसने ग्लास तळापर्यंत रिकामा केला. ओठ पुसले. माझ्याकडे बघितलं – सरळ, डोळ्यांत – आणि म्हणाला, “गोड आहे.”

काठी माझ्या हातून आपोआप खाली आली. “माप जुळलं का मग?” मी विचारलं.

“जवळजवळ,” तो म्हणाला आणि एकदम पावसाकडे बघायला लागला.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला, सोबत कागदाची नक्कल घेऊन. मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं, पण दाराकडची खुर्ची मी घेतली. माझी अल्मिरा आत्या चुलीपाशी विणत बसली होती. तिचे कान मात्र टेबलावर होते.

वॉरनने वाचून दाखवलं. मेहिटेबलचा नवरा मृत्युपत्र न करता गेला. घर गेलं पहिल्या बायकोच्या मुलाला. कोर्टाने तीन शेजारी नेमले आणि त्यांनी घराचा तिसरा हिस्सा विधवेला वापरायला आखून दिला – पूर्वेची खोली, अर्धं तळघर, सावत्र मुलाच्या भट्टीत पाव भाजायची मुभा, आणि त्याच्या स्वयंपाकघरातून विहिरीपर्यंत ये-जा करायचा हक्क. विहीर दारापासून दोन काठ्या लांब, म्हणजे जुन्या मापाने तेहतीस फूट. आणि हे सगळं तिच्या हयातीपुरतं.

“म्हणजे स्वतःच्याच घरात पाणी आणायला सुनेच्या पायांतून जायचं,” मी म्हटलं. “सून रोज मोजत असणार, म्हातारी किती बादल्या नेते.”

“तुम्ही माझ्यावर नजर ठेवता तशी?”

“मी बादल्या नाही मोजत. तुमचे खिसे बघते.”

“खिशात एक सफरचंद आहे. तुमच्याच झाडाचं. लिहून घ्या.”

मला हसू आलं, ते मी खोकून दाबलं. तो गेल्यावर आत्याने सुया खाली ठेवल्या.

“तिसरा हिस्सा! ऐकलंस ना? आज आजीचा म्हणतोय, उद्या माझा म्हणेल.”

“हयातीपुरता म्हणाला ना तो.”

“वाचणारा तोच, सांगणारा तोच. आणि तू ॲपल पायचा केवढा मोठा तुकडा दिलास गं त्याला! वर चीजसुद्धा!”

आत्याचं म्हणणं मला पटलं होतं. तरी पुढच्या शनिवारी मी पुन्हा ॲपल पाय भाजला.

त्याला पूर्वेची खोली बघायची होती, मग तळघर, मग भट्टी. शाळेत भूगोल शिकवणारा माणूस, पण भट्टीत असा डोकं घालायचा की मागून फक्त बूट दिसावेत. एकदा बाहेर आला तो भुवईवर काजळी घेऊन. मी न विचारता ती एप्रनच्या टोकाने पुसली. तो हलला नाही. मीही जरा जास्तच वेळ पुसत राहिले. कधी ‘अहो’ गेलं आणि ‘अरे’ आलं, आम्हा दोघांनाही कळलं नाही. आत्याला मात्र लगेच कळलं.

“सापडली का रे आजी?” मी विचारायची.

“थोडी थोडी सापडतेय...” तो म्हणायचा, आणि दर वेळी नजर चुकवायचा.

तीच चुकवलेली नजर मला झोपू देईना. मला तो आवडायला लागला होता – हे मान्य करते, फार आवडायला लागला होता – आणि म्हणूनच भीती वाटत होती. परक्याला काठीने हाकलता येतं. आवडलेल्या माणसाच्या हातात घर कसं निसटून जाईल ते कळणारही नाही. शेवटी मी जिल्ह्याच्या गावी गेले. वारशाची जुनी दप्तरं जिथे ठेवतात तिथे, मेहिटेबलचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला.

तिथला कारकून ऑरिन, गप्पिष्ट माणूस. “लूमिसांच्या आजीचं दप्तर? आणि तुम्ही पेल? अरे वा! वॉरनने तुमच्या वडिलांचंही दप्तर मागितलं होतं की, सप्टेंबरात.”

“माझ्या बाबांचं?”

“हो. तसं त्याचं काम आता संपलंय म्हणा. ऑक्टोबरातच संपलं.”

ऑक्टोबरात. आणि आम्ही होतो नोव्हेंबरच्या शेवटाला.

मी दोन्ही दप्तरं मागवली. मेहिटेबलच्या कागदावर खरंच ‘हयातीपुरतं’ लिहिलं होतं. मग बाबांचं मृत्युपत्र उघडलं. वकिलाकडे ते वाचलं तेव्हा रडण्यामुळे माझं अर्धं लक्षच नव्हतं. आता स्वच्छ दिसलं. घर आणि बाग डॅमरिसला, बाबांनी लिहिलं होतं, कारण आमच्या विहिरीचं पाणी गोड लागणारी या घरात ती एकटीच आहे.

गोड आहे.

माझे कान तापले. तो पहिला ग्लास, ते सरळ डोळ्यांत बघणं, ते ओठ पुसणं... सगळं पाठ करून आला होता! माझ्याच बाबांच्या ओळीवर मला विरघळवलं त्याने. आणि आता काम संपलेला हा माणूस दर शनिवारी माझ्या घराचा कोपरा न् कोपरा तपासत होता. कशासाठी?

शनिवारी पाऊस धो धो पडत होता. तो दारात आला तेव्हा टेबलावर ॲपल पाय नव्हता. पाण्याचा भरलेला ग्लास होता.

“बसा,” मी म्हटलं.

त्याने छत्री मिटली. “बसा? ... काय झालं, डॅमरिस?”

“प्या. आणि पाणी कसं आहे ते सांगा. या वेळी माझ्या बाबांना न विचारता.”

त्याचा चेहरा पडला. चुलीपाशी आत्याच्या सुया थांबल्या. तो बसला, ग्लास उचलला, सगळा प्यायला.

“गंजका खिळा चघळल्यासारखं,” तो हळूच म्हणाला. “पहिल्या दिवसापासून. भयंकर आहे, डॅमरिस.”

“बाबांचं दप्तर का काढलंत?”

“जुनं घर शोधायचं तर आजच्या मालकापासून मागे मागे जावं लागतं. तुझे बाबा, मग आजोबा, मग त्यांच्या आधीचे. तशीच रीत आहे. मी असे गावातल्या चार घरांचे कागद बघितले.” त्याने ग्लास खाली ठेवला. “पण ती ओळ फक्त एकाच कागदात होती. ती वाचली आणि... कोण ही मुलगी, असं वाटलं. बघून यावं म्हटलं.”

“आणि ऑक्टोबरात काय संपलं?”

त्याने खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. विक्रीच्या जुन्या दस्ताची नक्कल. “मेहिटेबलचं घर नदीपलीकडे होतं. आता तिथे गाड्या उभ्या करतात. हे घर तिचं नाही, डॅमरिस. कधीच नव्हतं.”

“पण तू म्हणालास, माप जवळजवळ जुळलं!”

“निम्मं भरलं होतं. एक काठी. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दस्त मिळाला तेव्हा खात्री झाली, एवढंच.”

“मग तळघर? भट्टी? त्या भट्टीत अर्धा अर्धा तास डोकं घालून काय करत होतास?”

“विचार करत होतो... पुढच्या शनिवारी काय मोजायचं म्हणून.”

बाहेर पन्हळीतून पाणी धबाधबा पडत होतं. घराला धोका नव्हता. या माणसाला माझं घर नको होतं. इतके आठवडे मी कुलपं तपासत बसले, आणि तो मात्र काय न्यायला आलाय हे मला धडधडीत समोर असूनही दिसलं नाही.

“खोटं बोललास,” मी म्हटलं, पण माझाच आवाज मला दगा देत होता.

“बोललो. पाण्याचं आणि मापाचं. तू म्हणालीस तर आत्ता जातो. आजी तर सापडली. आता इथे यायचा मला काही हक्क नाही.”

तो उठला. छत्री उघडायला लागला. चुलीपाशी आत्याने घसा खाकरला आणि भिंतीला सांगावं तसं म्हणाली, “अशा पावसात मी तर कावळ्यालाही बाहेर नसतं घालवलं.”

“थांब,” मी म्हटलं. “बस खाली. आता मी सांगते, तू ऐक. पूर्वेची खोली तुला मिळणार नाही, तिथे आत्या झोपते.”

तो छत्री धरून तसाच उभा राहिला.

“तळघर अर्धं. उरलेल्या अर्ध्यात माझी सफरचंदं. भट्टी लागेल तेव्हा, पण राख तू काढायची. आणि स्वयंपाकघरातून विहिरीपर्यंत ये-जा...” मी रिकामा ग्लास त्याच्याकडे सरकवला. “ये-जा करायची पूर्ण मुभा. शनिवारीच नाही, रोज. न मोजता.”

“डॅमरिस...” त्याचे डोळे भरले होते, आणि डाव्या गालाला ती खळी पडायला लागली होती. “किती काळ?”

“तुझ्या आजीला होती तेवढीच,” मी म्हटलं. “हयातीपुरती.”

मग त्याने छत्री कोपऱ्यात ठेवली, पाण्याच्या भांड्यातून आणखी एक ग्लास भरला, आणि माझ्या डोळ्यांत सरळ बघत, तोंड वाकडं करून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.